ऑर्गेनिक भाजीत खरंच जास्त सत्त्व असतं का? (इंदूरकरांनो, सांगा)

सुदामानगरची मावशी

नमस्कार मंडळी. विषय भाजीचा आहे, पण आमच्याकडे त्यावरून सकाळ-संध्याकाळ धुसफूस चालू आहे, म्हणून इथे विचारते. कुणी इंदूरचं असेल तर फार बरं. पुण्या-मुंबईचे भाव आणि तिथली दुकानं ऐकून माझा काही उपयोग नाही.

घरात मी, आमचे हे, मुलगा, सून आणि आठवीतली नात. नातीचं हिमोग्लोबिन १०.४ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हणाले, हिरव्या भाज्या खाऊ घाला. झालं! सुनेने त्याच आठवड्यात मोबाइलवरून ऑर्गेनिक भाजीची टोपली लावली. मंगळवारी आणि शनिवारी दारात येते. पालक, फ्लॉवर, वांगी, भेंडी, गाजर, कधी तो जांभळा कोबी, जो आमच्याकडे कुणीच खात नाही. पालकाच्या डब्यावर "दहापट पोषण" असं छापलेलं. पाव किलोचे ६० रुपये. आमच्या गल्लीत सकाळी सातला ठेला येतो, तो तेवढ्याच पालकाचे १५ घेतो, वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट.

मी सुनेच्या विरोधात नाही बरं का. लेकीच्या काळजीपोटीच करते ती, आणि पैसेही तिचेच. पण माझा जन्म भाजी निवडण्यात गेलाय. तो डबा उघडला की झाकणाला आतून घाम आलेला असतो, तळची पानं काळपट, चिकट. देठ मोडायला गेलं तर मोडत नाही, वाकतो. ठेल्यावरच्या पालकाला मुळं असतात, मुळांना ओला चिखल असतो, आणि देठ काडकन मोडतो. मी म्हणते ताजं ते चांगलं. सून म्हणते, "आई, त्याच्यावर औषधं मारलेली असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत." तिचंही खोटं नाही. ठेलेवाल्याला विचारलं तर म्हणाला, "अम्माजी, मिट्टी में उगी है तो ऑर्गेनिक ही हुई ना!" यावर काय बोलणार?

तर विचारायचं असं, की ऑर्गेनिक भाजीत जीवनसत्त्वं, लोह वगैरे खरंच जास्त असतं का, की नुसतं नाव? आणि सगळीच टोपली घ्यायची नसेल, तर कुठली भाजी तशी घ्यावी आणि कुठली ठेल्यावरची चालेल? आमच्या ह्यांची हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असते, बाकी तब्येत ठणठणीत. तेही आता नातीला सोबत म्हणून रोज वाटीभर पालक खातात. "ऑर्गेनिक आहे, बाधणार नाही" म्हणतात.

रामबागवाला

मावशी, दहापट म्हणजे कशाच्या दहापट, हे त्या डब्यावर कुठे लिहिलंय का? भाव चौपट आहे एवढं तुमच्या हिशोबावरून कळलं.

माझ्या जिममधला एक जण सांगतो की ऑर्गेनिक भाजीला मातीतलं बी-१२ चिकटलेलं असतं, म्हणून तो ती धूतच नाही. तशीच कचाकचा खातो. टिळकनगरच्या आहारताई इथे असतात, त्याच सांगतील. ताई, या हो!

आहारताई, टिळकनगर

मावशी, तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल, हे आत्ता वाचा.

झडप बदललेल्यांना रक्त पातळ ठेवायला बहुधा वॉरफेरिन किंवा त्याच जातीची गोळी असते. ती गोळी के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, आणि पालक, मेथी, सरसों, कोथिंबीर यांत के भरपूर. एरवी आठवड्यातून एखाद्या वेळी पालेभाजी खाणाऱ्या माणसाने रोज वाटीभर पालक सुरू केला, तर गोळीचा असर उतरतो आणि झडपेवर गुठळी धरायचा धोका वाढतो. भाजी ऑर्गेनिक असली तरी यात काडीचा फरक पडत नाही. आता घाबरून पालेभाजी एकदम बंदही करू नका, तसं केलं तर रक्त जास्त पातळ होऊन उलटी पंचाईत. दर आठवड्याला साधारण सारखीच असावी, एवढंच. डॉक्टरांना आजच फोन करा, पालक वाढलाय हे सांगा आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची, तपासणी कधी करायची ते विचारा. गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही.

आता सत्त्वाचं बोलू.

यावर जगात भरपूर मोजमाप झालेलं आहे. २०१२ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मंडळींनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. जीवनसत्त्वांच्या बाबतीत दखल घ्यावी असा फरक त्यांना दिसला नाही. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या गटाने ३४३ शोधनिबंध घेऊन पुन्हा बेरीज मांडली. त्यांना ऑर्गेनिक पिकांत पॉलिफिनॉलसारखी (झाड स्वतःच्या रक्षणासाठी बनवतं ती) द्रव्यं जास्त आढळली, कॅडमियम हा विषारी धातू आणि नायट्रेट कमी आढळलं, आणि कीटकनाशकाचे अंश सापडण्याचं प्रमाण साध्या पिकांत चौपट निघालं. फवारणीचे अंश ऑर्गेनिकमध्ये कमी असतात, यावर दोन्ही गटांचं एकमत आहे. म्हणजे तुमच्या सूनबाई जे म्हणतात ते बरोबर. पण दहापट लोह किंवा दहापट कॅल्शियम या दोघांनाही सापडलेलं नाही. आणि पॉलिफिनॉल थोडं जास्त पोटात गेल्याने माणसाची तब्येत किती सुधारते, तेही अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

खरा फरक आहे तो एका भाजीत आणि दुसऱ्या भाजीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्याकडच्या पदार्थांचे तक्ते नव्याने काढले, मी रोज तेच उघडून बसते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण ३ मिलिग्रॅम. हिरव्या माठात साडेचारच्या वर, मेथीत साडेपाचच्या वर. कॅल्शियम पाहिलं तर पालकात ८० मिलिग्रॅमच्या आसपास, मेथीत पावणेतीनशे, माठात आणि शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. त्यात पुन्हा पालकातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला धरून बसतं, त्यामुळे असलेल्या कॅल्शियममधलं जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. पालक टाकाऊ नाही हो, त्यात फोलेट चांगलं आहे, बीटा कॅरोटीन चांगलं आहे. पण नातीसाठी साठ रुपयांच्या पालकापेक्षा ठेल्यावरचा माठ आणि मेथी सरस. शेवग्याचा पाला तर इंदूरात विकत घ्यायचीही गरज नाही. निम्म्या कॉलन्यांत कुंपणाला सुरजन्याचं, म्हणजे शेवग्याचंच, झाड असतं, लोक शेंगा काढतात आणि पाला गाईपुढे टाकतात. गाय हुशार.

भाजीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, त्याला क जीवनसत्त्वाची मदत लागते. म्हणून मेथीच्या भाजीवर वरून लिंबू पिळा, सोबत कच्चा टोमॅटो द्या, थंडीत जेवणानंतर पेरूची फोड द्या. आणि तुमच्या घरी इंदुरी पद्धतीने सकाळी पोहे होत असतीलच. पोह्यांवर लिंबू पिळणं उत्तम, पण लगेच वर चहा नको. चहातलं टॅनिन लोह अडवतं. आठवीतली मुलगी चहा पीत असेल तर तो पोह्यांपासून तास-दीड तास लांब ठेवा, बंदच केला तर आणखी चांगलं. तिच्या वयाला हिमोग्लोबिन किमान १२ हवं. १०.४ ला नुसत्या भाजीवर विसंबून चालत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या पूर्ण करा, त्या दुधाबरोबर देऊ नका.

देठ मोडून पाहायची तुमची पद्धत मला फार आवडली. क जीवनसत्त्व आणि फोलेट ही दोन्ही ठेवणीत आणि उष्णतेत उतरतात, पालेभाजीत तर फारच भराभर. रोपटं उपटल्यापासून घड्याळ सुरू होतं. तीन दिवस गोदामात आणि गाडीत काढलेला ऑर्गेनिक पालक आणि पहाटे उपटलेला साधा पालक, यांत क जीवनसत्त्व बघायचं तर मी दुसरा घेईन. चिरून मग धुवायची सवय असेल तर ती बदला, आधी धुवा आणि मग चिरा. उकळून पाणी फेकू नका, झाकण ठेवून वाफेवर शिजवा. माठाला, गाजराला चमचाभर तेल-तूप हवंच, त्याशिवाय बीटा कॅरोटीन नीट अंगी लागत नाही. थंडीतलं आपलं लाल गाजर आलं की नारिंगी सोडून ते घ्या, त्यात टोमॅटोसारखं लायकोपीनही असतं.

रामबागवाले, तुमच्या त्या पैलवानाला सांगा की भाज्यांत बी-१२ नसतं, ऑर्गेनिक असो वा नसो. शाकाहारी घरात ते दूध, दही, ताक, पनीर यांतून येतं, कमी पडलं तर डॉक्टरांकडून गोळी. न धुतलेल्या भाजीतून जंतांची अंडी मात्र मिळतील, आणि शेणखतावर वाढलेल्या भाजीला तर जास्तच धुवायला हवं.

महूजवळची वाडी

राम राम. मी स्वतः भाजी पिकवतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. मी औषध मारत नाही, पण शेजारी मारतात आणि ते माझे दोस्त आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो.

मावशी, सगळ्या भाज्यांवर सारखी फवारणी होत नाही. सगळ्यात जास्त मार खातं ते वांगं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी ती शिरायच्या आधीच मारत सुटतो. फ्लॉवर-कोबीवर चौकोनी ठिपक्याचा पतंग, मिरचीवर फुलकिडे, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी.

आणि भेंडी. भेंडीचं गणितच वाईट. ती दर दुसऱ्या दिवशी तोडावी लागते, नाहीतर जून होते आणि मंडीत कुणी हात लावत नाही. औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की फवारल्यावर इतके दिवस तोडणी करू नका. आता चोइथराम मंडीत भाव चढलेला आहे, झाडावर माल तयार आहे, आज नाही तोडला तर परवा बैलापुढे टाकायचा. थांबतो कोण? शेतकरी दुष्ट नसतो मावशी, त्याला बाटली आणि भाव या दोन्हींमध्ये उभं केलेलं असतं. सुनेला ऑर्गेनिकवर पैसे घालायचेच असतील तर वांगं, भेंडी, फ्लॉवर, मिरची आणि कच्चा खायचा टोमॅटो यांच्यावर घालू द्या.

माठ, शेवगा, लाल भोपळा, सुरण, रताळं यांना त्यामानाने फवारणी कमी असते, ती ठेल्यावरून खुशाल घ्या. कांदा-बटाटा सोलूनच खातो आपण. गराडूचा कंद तर तुम्ही तळून वर मसाला भुरभुरून खाणार, तिथे पोषणाचा विषय काढूच नका.

धुण्याचं म्हणाल तर वाहत्या पाण्यात चोळून धुतलं की वरवरचा बराच भाग जातो. फ्लॉवरचे तुरे सोडवून मिठाच्या कोमट पाण्यात ठेवले की अळ्या वर येतात. पण जी औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे मुळातून-पानातून झाडाच्या रसात उतरतात, ती कशानेच धुऊन निघत नाहीत. कुणी बाटलीतलं "व्हेजिटेबल वॉश" विकायला आलं तर त्याला हेच विचारा.

आता टोपलीवाल्यांना काय विचारायचं ते सांगतो. ऑर्गेनिक म्हणजे काहीच फवारलं नाही असं नाही. निंबोळी अर्क, दशपर्णी चालतं, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणही मर्यादेत चालतं. प्रमाणपत्र दोन प्रकारचं असतं. एक एनपीओपी, म्हणजे सरकारी राष्ट्रीय कार्यक्रमाचं, तिथे बाहेरची संस्था तपासायला येते आणि भाजीसारख्या पिकाला जमीन आधी किमान दोन वर्षं रसायनाशिवाय ठेवावी लागते. दुसरं पीजीएस, तिथे आम्ही शेतकरीच गट करून एकमेकांची शेतं तपासतो. पीजीएसमध्ये "ग्रीन" लिहिलं असेल तर जमीन अजून वळणावर आहे, म्हणजे रसायन सोडलंय पण मुदत पुरी झालेली नाही; "ऑर्गेनिक" लिहिलं असेल तर पूर्ण झाली. पाकिटावर "जैविक भारत"चा शिक्का शोधा, २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांपासून तो आला. छोटा शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला यात सूट आहे, पण तुमची टोपली कंपनीची दिसते. त्यांना प्रमाणपत्र मागा. नुसतं पानाचं चित्र मीही छापून घेऊ शकतो.

आणखी एक. ताजेपणावर जाल तर फसाल अशी एक जागा आहे. शहराच्या कडेला कान्ह नदीच्या आणि नाल्यांच्या पाण्यावर पालेभाजी निघते, हे आपण सगळे जाणतो. ती भाजी दिसायला एक नंबर, हिरवीगार, देठ काडकन मोडेल अशी. त्या पाण्यात सांडपाणी असतं, कारखान्यांचं पाणी मिसळलेलं असेल तर शिसं-कॅडमियमसारखे जड धातूही असतात, आणि पालेभाजी ते सहज ओढून घेते. ते चोळून जात नाही, शिजवून जात नाही. म्हणून ठेलेवाल्याला "ऑर्गेनिक आहे का" असं विचारूच नका. "कुठल्या गावची आणि कुठल्या पाण्याची" असं विचारा. विहिरीची किंवा ट्यूबवेलची असेल तर तो गावाचं नाव पटकन सांगेल.

काळी माती (निवृत्त)

चर्चा उत्तम चालली आहे. इंदूरच्या धाग्यावर एक गोष्ट राहून गेली, ती सांगतो, कारण आमच्या शहरातल्या पोरांनाही ती ठाऊक नसते.

आज जगभर जी सेंद्रिय शेती म्हणतात, तिच्या मुळाशी इंदूर आहे. आपलं कृषी महाविद्यालय जिथे आहे, तिथे १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ होते. होळकर संस्थानाने जागा दिली, काम मुख्यतः कापसाचं. पण त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र जिरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक वेळी ढीग उलथापालथ करून तीनेक महिन्यांत खत तयार करायची रीत बसवली. जगात ती "इंदूर पद्धत" म्हणूनच ओळखली जाते. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले होते तेव्हा ती पाहायला तिथे गेले होते. आता आपण ओला-सुका कचरा वेगळा करून स्वच्छतेत पहिले येतो, पण त्या ओल्या कचऱ्याचं काय करावं हे याच गावात केव्हाच सांगून झालं होतं.

हॉवर्ड यांचं ठाम मत होतं की सकस मातीतलं पीक सकस, आणि ते खाणारा माणूस निरोगी. आहारताई, तुमच्या त्या परदेशी बेरजांत मातीचा हिशोब कुठे आहे? माळव्याच्या काळ्या मातीत जस्त आणि गंधक कमी पडतं. मातीत जस्त कमी असेल तर पिकातही कमी येतं. सेंद्रिय खताने माती सुधारली तर भाजी सुधारेलच.

आहारताई, टिळकनगर

काका, हॉवर्ड यांचं पहिलं अर्धं वाक्य मला मान्य आहे. पण जस्ताची कमी झिंक सल्फेट टाकूनही भरते आणि नुसत्या शेणखताने कधीकधी भरतही नाही. ज्या शेतात जस्त नाही, तिथल्या चाऱ्यात नाही, म्हणून शेणातही फारसं नाही. म्हणजे माती चांगली हवी हे खरं, पण पाकिटावरच्या "ऑर्गेनिक" शब्दावरून ती चांगली होती की नाही ते मावशींना कळत नाही. मला पेशंटला सांगायचं असतं ते "आज काय आणा" एवढंच.

काळी माती (निवृत्त)

हे मान्य. चाऱ्याचा मुद्दा तर मीच वर्गात शिकवत असे! तरीही मावशी, गच्चीवर दोन जुने टब असतील तर घरच्या ओल्या कचऱ्याच्या खतात मेथी पेरून बघा. फार खोल पेरायची नाही, रोज हलकं पाणी. महिन्याच्या आत जुडी निघते. नातीला पेरायला लावा, ती खाईलही. उन्हाळ्यात मेथी रुसते, तेव्हा लाल माठ लावा, त्याला इंदूरचं ऊन चालतं.

सुदामानगरची मावशी

सगळ्यांचे आभार, आणि आहारताई, तुमचे विशेष. त्याच दिवशी फोन केला, डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला सांगितलं. आयएनआर १.८ आला, यांना अडीचच्या वर हवा असतो. गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी बदलून दिलंय आणि आठवड्याने पुन्हा तपासणी आहे. हे आता पालकाकडे संशयाने बघतात. मी म्हटलं, रविवार आणि बुधवार, एकेक वाटी, कुठलीही पालेभाजी, ना कमी ना जास्त. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

सुनेला हा धागा मीच वाचायला दिला. तिने टोपलीवाल्यांना प्रमाणपत्र मागितलं. दोनदा "टीमला विचारून सांगतो" झालं, मग एक कागद आला, त्यावर पीजीएस ग्रीन. म्हणजे वाडीवाल्या दादांच्या भाषेत वळणावरची जमीन. सून म्हणाली, ठीक आहे, निदान खोटं नाही. मग टोपलीतून पालक, गाजर आणि तो जांभळा कोबी काढून टाकला. वांगी, भेंडी, फ्लॉवर, मिरची ठेवली. आता शनिवारचीच येते. पालेभाजी माझ्या खात्यात.

ठेलेवाल्याला पाण्याचं विचारलं. आधी हसला, मग म्हणाला मेथी देपालपूरकडची, कुएँ की है. आणि पालक? तर इकडे-तिकडे बघायला लागला. पालक सोडला, माठ घेतला. माठ निवडायला वेळ लागतो, पण सून आता ऑफिसची मीटिंग कानात घालून माझ्याबरोबर निवडायला बसते. तिला कोवळे देठ कुठले ठेवायचे ते अजून कळत नाही, सगळेच फेकते. शिकेल.

एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे सासूबाईंची लोखंडी कढई माळ्यावर पडून आहे. तिच्यात भाजी केली तर लोह मिळतं म्हणतात, ते खरं की आणखी एक डब्यावरचं पान?

आहारताई, टिळकनगर

ते खरं आहे. लोखंडी भांड्यात शिजवलं की अन्नात लोह उतरतं, आणि पदार्थ आंबट असेल तर जास्त उतरतं. टोमॅटोची भाजी, चिंच घातलेली आमटी, अंबाडी. फक्त शिजल्यावर लगेच स्टीलच्या भांड्यात काढा, कढईत ठेवलं तर काळं पडतं आणि लोखंडाची चव येते, मग नात तोंड लावणार नाही. कढई घासून पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची, नाहीतर गंज धरेल. गोळ्या चालू असतानाही कढई वापरायला हरकत नाही.

रामबागवाला

अंबाडी इंदूरात मिळते कुठे? माझी आजी भाकरीबरोबर करायची, इथे ठेल्यावर कधी दिसली नाही.

महूजवळची वाडी

घाट उतरून निमाडात गेलात की घरोघरी मिळेल, तिकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खातातच. माझ्याकडे बांधावर थोडी आहे. सध्या पानं कोवळी आहेत, फूल आलं की निबर होतील. शनिवारी भल्या पहाटे मी चोइथराम मंडीत असतो. कुणाला हवी असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत इथे लिहा, तेवढीच तोडून आणतो. मावशी, काकांची वाटी मात्र कॅलेंडर बघूनच वाढा, अंबाडीही पालेभाजीतच मोजायची.